बाज जाईल एवढं दार

३ मार्च १९६३, बुलढाणा

रविवार असून कचेरीत जाऊन बसलो. धामणगाव बढ्याच्या बाळंतखोलीचा नकाशा ट्रेस करायचा राहिलाय. नमुना मुंबईहून आलेला, आपण कापडावर शाईनं रेघा ओढायच्या. ट्रेसरनं डोकं घरी ठेवून यावं असा इथला दंडक. मी आज चुकून सोबत नेलं.

दाराशी हात थांबला. कचेरीत आता सगळं मीटरमध्ये, मी मनात इंच करून घेतो. चौकट बाहेरून ३९ इंच. दोन्हीकडचे उभे खांब तीन-तीन इंचांचे, ते वजा. राहिले ३३. पल्ला आत उघडतो, पण शेजारीच आडवी भिंत, म्हणून काटकोनात अडतो आणि स्वतःची दीड इंच जाडी वाटेतच ठेवून उभा राहतो. उरली वाट साडेएकतीस. स्ट्रेचर सुखानं जाईल. पण धामणगावात स्ट्रेचर पाहिलंय कोणी? तिथं आजारी माणूस येतो तो बाजेवर, चौघांच्या हातात.

घरी येऊन आमची बाज मोजली. ३३. सुमन बघत होती. "काय मोजून राह्यले?" सांगितलं नाही.

४ मार्च

सांगावं लागलं. बायकोपासून लपवायला वेगळी अक्कल लागते, ती माझ्यात नाही.

सुमनला सहावा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर धामणगाव बढे. म्हणजे वेळेत झाली तर हीच खोली. तिची चुलतबहीण शांता, तिला दोन वर्षांमागं दुसऱ्याच एका गावच्या दवाखान्यात नेली होती. बाज दारातून जाईना. तिरपी करून पाहिली, उचलून पाहिली. शेवटी व्हरांड्यातच झालं, चार लुगड्यांचा आडोसा धरून. दोघं वाचली. पण शांता अजून त्या रस्त्यानं जात नाही.

सुमन म्हणाली, "तुमच्या नकाशातलं मले काई समजत नाई. त्या दारातून मले नेता येईन का नाई, तेवढं सांगा."

साडेएकतीसमधून तेहेतीस जात नाहीत. वरण गार झालं.

१० मार्च, रविवार

पहाटेच्या गाडीनं घाट उतरून धा. ब. सासऱ्यांकडं चहा घेतला आणि मेव्हणा नामदेव याला सोबत घेऊन बाजा मोजत फिरलो. आमच्या वस्तीतल्या सात, गावातल्या चार. गावातल्या एका म्हातारीनं विचारलं, "काऊन रे बाबा, बाजेवर बी टॅक्स बसवता का आता?" नामदेव म्हणाला, "हाव आजी, पायागणिक." म्हातारीनं बाज आत ओढून घेतली. तिची मोजायची राहिली, म्हणून नोंद दहाच.

सगळ्यात अरुंद ३०, सगळ्यात रुंद ३४. चौतिसाची नेमकी सासऱ्यांचीच.

१४ मार्च

मुंबईवाल्यांची चूक आकड्यात नाही. त्यांनी आकडा आधी ठरवला, ही चूक. दार ३९, मग त्यातून काय जाईल ते जाऊ दे. उलट करायला पाहिजे. काय जायचंय ते आधी, दार मागून.

आकडे पुसून अक्षरं घातली. च म्हणजे चौकट बाहेरून, ख खांब, प पल्ल्याची जाडी, ब बाज. मोकळी वाट = च − २ख − प. ही वाट ब पेक्षा निदान अर्धा इंच जास्त पाहिजे. मग ब मध्ये गावची सर्वात रुंद बाज घाला, च आपोआप निघतो. खांब जाड असेल, ख बदला. पल्ला सागाऐवजी आंब्याचा जाड असेल, प बदला. तसंच पल्ल्याची रुंदी, खालची फट, फरशी किती जाड बसणार, सगळं एकमेकांना बांधलेलं. एक बदललं की बाकीचे आपापल्या जागी सरकतात. तीन पानं भरली. किती दिवसांनी एवढा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

१७ मार्च, रविवार

पण हे वाचणार कोण? मिस्त्री लोक गणितापुढं पाठ करून बसतात. म्हणून धोतरजोडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सरकपट्टी केली. खालच्या पट्टीवर बाजेची रुंदी, वरच्या सरकत्या पट्टीवर खांब आणि पल्ला. बाण बाजेवर आणायचा, खिडकीत चौकटीचं माप दिसतं. सुमननं तीनदा चालवली. "चौतीस धरलं तं बेचाळीस," तिनं वाचलं. बरोबर. तिला नकाशातलं काही समजत नाही म्हणे.

२१ मार्च

डेप्युटी इंजिनियर साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब पुण्याचे, माणूस वाईट नाही, पण आमच्या बोलण्याला हसू आवरताना मिशी हलते.

"वानखडे, हॉस्पिटलात बाज येत नाही हो. पेशंट येतो."

"साहेब, पेशंट बाजेवर येतो."

मिशी हलली. "आणि ही अक्षरं मराठीत? च, ख, प?"

म्हटलं, राज्य मराठी झालं, फॉर्म्युला कशाला मागं राहावा. हे जास्त झालं असं बोलल्यावर वाटलं. पण सा. हसले नाहीत. पट्टी हातात घेतली, सरकवली, पुन्हा सरकवली. दहा मिनिटं चहा तसाच. मग नकाशावर लाल पेन्सिलीनं माप खोडून नवं घातलं, माझ्या इंचांत ३९ चे ४२. "विशेष बाब म्हणून. फक्त ही एक इमारत." सही.

बेचाळीसातून सहा गेले, दीड गेला, साडेचौतीस. बाज चौतीस. पायऱ्या उतरताना जिना दिसला नाही.

२४ मार्च, रविवार

सुधारलेला नकाशा घेऊन धा. ब. तुळशीराम मिस्त्रीला गाठलं. वय साठीच्या आसपास, कानात पेन्सिल. चौकट अजून जोडली नव्हती, देवच पावला म्हणायचं, आपण देव सोडलाय तरी. मिस्त्रीनं आधीच सांगितलं, "अकरा एप्रिलचा मुहूर्त हाय. त्या दिवशी चौकट उभी राहीन म्हन्जे राहीन. मंग तुमचे कागद येवोत नाई तं न येवोत."

पल्ला आणि चौकट यांत फट किती सोडता, विचारलं. खिशातून ढब्बू पैसा काढून फटीत धरल्याचं दाखवलं. "एवढी. माह्या बापाचा पैसा हाय हा." मोजला. तीन मिलिमीटरच्या वर केसभर. माझ्या तीन पानांत तीनच मिलिमीटर निघाले होते. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग तीन पानं काऊन लिहिली बे? मले इचारायचं." बे म्हणाला. राग आला नाही, बरंच वाटलं.

पट्टी त्याला दिली. उलटीसुलटी करून बघितली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली, पटाशीशेजारी.

११ एप्रिल, धा. ब.

चौकट उभी राहिली. हळद, नारळ, आंब्याची पानं. मी बाजूला उभा. आम्ही दीक्षा घेऊन हे सोडलं त्याला सात वर्षं होतील, हात जोडावे की नाही कळेना, शेवटी ओळंबा धरला. तो तर धरावाच लागतो.

नंतर मिस्त्रीच्या घरून चहा आला. मलाही कपातच, बाकीच्यांसारखाच कप. लिहून ठेवतो.

१५ एप्रिल

सुमनला माहेरी पोचवून आलो. मी निघताना सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, सुमननं काढू दिली, मी चपला घातल्या. इथं परत आल्यावर खोली फार मोठी वाटते. भात जास्त झाला.

२८ एप्रिल, रविवार, धा. ब.

आज बाज घालून पाहिली. नुसती चौकट उभी, पल्ला अजून नाही. वाटलं होतं दहा मिनिटांचं काम.

सासऱ्यांची बाज, नामदेव आणि वस्तीतले तिघं. रिकामी बाज नको, वजन पाहिजे, म्हणून मलाच झोपवलं. सुमन ओट्यावरून पदर तोंडाला लावून हसत होती. साऱ्या गल्लीतून मिरवणूक. कोणीतरी विचारलं, "काय झालं भाऊले?" नामदेव म्हणाला, "दिवस भरले."

दाराशी चौघं टोकाला सरकले, आत निघाले, आणि नामदेव ओरडला. बाज जात होती. मुठी जात नव्हत्या. बाजेचं लांब लाकूड मुठीत धरतात, मूठ बाहेर दीड इंच येते, इकडं दीड, तिकडं दीड. पुढच्या दोघांची बोटं सोलली. एकानं हात सोडला, मी खाली आलो. मला लागलं नाही. मागून आलेली सुमन हसायची थांबली होती.

बाज मोजली, उचलणारा माणूस मोजलाच नाही. दहा बाजा, चाळीस पाय, आणि एक हात नाही. चौतीस आणि तीन, सदतीस पाहिजेत. पल्ला बसल्यावर वाट साडेचौतीस.

२९ एप्रिल

काल शेवटच्या गाडीआधी मिस्त्रीला म्हटलं, चौकट काढा, पंचेचाळिसाची करू. लाकडाचं मी पाहतो.

तो उठून उभा राहिला. "बसली चौकट उपटत नाईत."

का, म्हटलं. "नाईत उपटत. माह्या बापानं उपटली नाई. उपटल्या चौकटीतून बाळंतीन नेतात का कोनी?"

गाडीत घाटभर चिडत आलो. मुहूर्त, नारळ, काय काय. मग राजूरपाशी कुठंतरी राग उतरला. मी मानत नाही हे ठीक. पण त्या दारातून ज्यांनी जायचं त्या बाया मानतात. चौकट उपटली तर दार रुंद होईल आणि गावातली एक बाज तिकडं वळणार नाही. मिस्त्री हट्टी नाही, गिऱ्हाईक ओळखतो.

पण मग करू काय. सुमनला दीड महिना राहिलाय.

२ मे

चूक माझी आहे आणि ती दीड-दीड इंचांची आहे, हे एकदा स्वच्छ लिहिल्यावर बरं वाटलं. नवं अक्षर म, मूठ. आता वाट निदान ब + २म पाहिजे, वरचा अर्धा इंच सोडून दिला. तीन पानं फाडायची गरज नाही, एक अक्षर वाढवलं की सगळी पट्टी सरकते. पुढच्या गावांना हे आयतं मिळेल. या गावाचं अडलंय.

च हलत नाही, तो नारळ फोडून बसलाय. ख हलत नाही. ब सासऱ्यांची. म नामदेवचा. राहिला प.

पल्ला वाटेत उभा राहतो कारण आत उघडतो आणि भिंतीला अडतो. बाहेर उघडला तर? चौकट व्हरांड्याच्या बाजूला भिंतीच्या तोंडाशी आहे, पल्ला पूर्ण फिरून भिंतीला पाठ लावून बसेल. प शून्य. वाट ३६.

एक इंच कमी. एकच!

५ मे, रविवार, धा. ब.

मिस्त्री आधी ऐकेना. दार घरात उघडतं, लक्ष्मी आत येते, बाहेर उघडलं तं जाते. म्हटलं, मिस्त्री, इथं लक्ष्मी बाजेवर येणार आहे, आधी तिला आत घ्या. यावर त्यानं बराच वेळ पेन्सिल कानातून काढली, घातली. "पल्ल्याची खाच बाहेरून नवी पाडा लागीन," म्हणाला. म्हणजे झालं कबूल.

मग एका इंचाचं सांगितलं. चौकट काढायची नाही, हे मान्य, पण माझ्याकडं आता अक्षरं उरली नाहीत.

तो चौकटीपाशी गेला. नामदेवला बोलावलं, बाज धरल्यासारखे हात कर म्हणाला. नामदेव वाकला. मिस्त्रीनं त्याच्या मुठीजवळ खांबावर पेन्सिलीनं खूण केली, वर वीतभर, खाली वीतभर. दुसऱ्या खांबावरही.

"उपटायची नाई म्हनलो म्या. तासाची नाई असं कोन म्हनलं?"

मुठी जिथून जातात तेवढ्याच पट्ट्यात अर्धा इंच खोलगट तासायचं, दोन्हीकडं, वरखाली गुळगुळीत उतरवून. बाकी चौकट जशीच्या तशी, नारळाला धक्का नाही. छत्तीस आणि एक, सदतीस. मी आठवडाभर पूर्ण चौकटीच्या उंचीचा विचार करत होतो. मूठ चौकटीच्या उंचीची नसते.

सुमनला सांगायला पळत गेलो. पाय सुजलेत तिचे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिस्त्रीले पाठवा जेवाले."

आला. जेवला. दोनदा आमटी घेतली.

९ मे

सा. ना सांगितलं. मुठीच्या चुकीसकट सांगितलं, सोललेली बोटं लपवता आली असती तरी. ऐकून घेतलं. "दार बाहेर उघडायचं म्हणजे मंजूर नकाशात फरक. लेखी द्या, पाहू." काम थांबवू का, विचारलं. "थांबवा असं मी म्हणालो का?" एवढंच. याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. मी माझ्या सोयीचा लावला.

नव्या पट्टीसकट लेखी दिलं. म चं घर लाल शाईनं.

२२ मे

नामदेवचं कार्ड. "पल्ला बसला. बाहेर उघळते, भितीले चिपकून बसते. मिस्त्रीनं चारीकून पैसा फिरवून पाह्यला, कुठी अडकत नाई. फरशी बी झाली. नर्सबाई सोमवारपासून हायेत. ताईची तब्येत बरी हाय, तुम्ही जेवता का म्हून इचारते."

कार्ड तीनदा वाचलं. जेवतो, म्हणून कळवलं. खरं म्हणजे डाळ करपते.

६ जून

सा. नी बोलावून पत्र हातात दिलं. वर टंकलिखित, खाली त्यांच्या अक्षरात दोन ओळी. खालच्या आधी वाचल्या: "आपली सरकपट्टी वरिष्ठांच्या अभिप्रायासाठी मुंबईस पाठवीत आहे. पद्धत उपयुक्त वाटते." छाती केवढी झाली. मग वरचं वाचलं. अभिप्राय येईपर्यंत धामणगाव येथील दार मंजूर नकाशाप्रमाणे आत उघडेल असे तात्काळ करून घ्यावे.

म्हणजे पद्धत उपयुक्त आणि दार बंद. आत उघडलं की दीड इंच पुन्हा वाटेत.

सा. खिडकीबाहेर बघत होते. "वानखडे, कागद माझ्या हातात नसतो हो नेहमी." मग, "तुमच्या मंडळींचे दिवस कधी?" म्हटलं, आज-उद्या. "मग जाऊन या. पत्र तुम्हीच घेऊन जा, टपालानं उशीर होतो." आणि मिशी हलली, पण हसण्यासारखी नाही.

८ जून, धा. ब.

पहिल्या गाडीनं आलो. नामदेव स्टँडवर नव्हता. घरी गेलो तर ओटीवर सासऱ्यांची बाज नाही. शेजारीण म्हणाली, "नेलं, नेलं, आत्ताच नेलं, पळा." वाटेत चप्पल तुटली, हातात घेतली.

बाळंतखोलीच्या पायरीवर चौघं बसले होते, घामानं ओले. मला बघून नामदेवनं दोन्ही मुठी पुढं केल्या. उलट्या, सुलट्या. एक ओरखडा नाही. "नाई घासलं, भाऊजी. सरकन गेली. ताईनं डोये बी उघडले नाईत." मला रडू आलं, चौघांसमोर. येऊ दिलं. पत्र आलंय, एवढं नामदेवला बोललो.

पल्ला आतून लावलेला. त्याला टेकून खाली बसलो आणि ही वही काढली. आत सुमन मधूनच ओरडते, मग बराच वेळ काही नाही, ते जास्त वाईट. भीती वाटते. फार वाटते.

तुळशीराम मिस्त्री येऊन उकिडवा बसला. "साहेबाचं पत्र आलं म्हन्ते नामदेव."

"आलं."

"काय म्हनते?"

पत्र खिशात आहे. "सोमवारी सांगतो, मिस्त्री." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पल्ल्याकडं. "सोमवारी माह्या रंध्याले धार नसते," म्हणाला आणि बिडी पेटवायला लांब गेला.

मधेच पल्ला आतून जोरात उघडला आणि माझ्या पाठीत बसला. बाहेर उघडणारं दार, त्याला टेकून बसलेला नवरा. सगळ्यांना अक्षर दिलं, यालाच नाही. नर्सबाई वरून म्हणाल्या, "हे काय, वाटेत कोन बसलं? सरका! आन् गरम पाणी आना, लवकर." सुमनचं काय, विचारलं. "चांगलं चाललं हाय, सरका तुम्ही." पल्ला भिंतीपर्यंत न जाताच पुन्हा लागला.

नामदेव पाण्याला गेलाय. मी सरकून बसलोय, दारापासून साडेतीन फुटांवर, पल्ला लागणार नाही इतका लांब आणि आतलं ऐकू येईल इतका जवळ.